सहावा बोल्ट

माझ्या दिवंगत पतींच्या जुन्या फियाटचा उजवा मडगार्ड उतरवायला मीच सांगितले होते. पुढे जे घडले त्यातला माझा वाटा तेवढाच, हे आधी नमूद करते. पत्रा गंजला होता. तो नवा घडवून बसवावा आणि रविवारी गाडी स्वतः चालवत, अहमदपूरमार्गे, लातूरला विशाखाकडे, माझ्या मुलीकडे, न्यावी, असा माझा निश्चय होता. एकतीस वर्षांत आनंदराजांनी मला स्टीअरिंगला हात लावू दिला नाही. मी मुख्याध्यापिका झाले, तीनशे मुलींची शाळा चालवली, तरी गाडीत माझी जागा डावीकडेच. ते गेल्यावर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी रीतसर परवाना काढला.

नांदेडच्या शेडमध्ये किशनराव मिस्त्रींनी पाच बोल्ट हातानेच ढिले लावले. सहावा दाराच्या बिजागरीमागे होता, जिथे नजर पोहोचत नाही आणि हात जेमतेम शिरतो. तिथले भोक अर्धे बोट चुकत होते. काम निष्काळजीपणाचे आहे, असे मी स्पष्ट सुनावले आणि पाचही बोल्ट काढून पुन्हा ओळीने लावायला लावले.

"शाळंतल्या पोरी न्हाईत बाई ह्या, रांगेत उभ्या करायला," किशनराव म्हणाले.

जुन्या गाडीचा सांगाडा वजनाने लवतो, आत माणूस बसल्याशिवाय भोके जुळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. मी चालकाच्या जागी बसले, अंतर वाढले. ते बसले, मी वाकून पाहिले, तेच. मग त्यांनी मला डावीकडे बसायला सुचवले. तो शब्द मला झोंबला, तरी मी जाऊन बसले, आणि बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेला. मी उठताच भोक सरकले व तो तिरका अडकला. हे तीनदा झाले. चौथ्यांदा मी बसूनच राहिले आणि बोल्ट आत्ताच आवळा, असे फर्मावले. पाना घेऊन वाकलेले किशनराव थांबले.

"बाई, तुम्ही डावीकडं बसल्या अन् गाडी उजवीकडं दबून राहिली."

ते थट्टा करत नव्हते. मी उजवीकडे पाहिले. चालकाची सीट रिकामी होती आणि तिचे रेक्झिन मधोमध खोल गेले होते.

मला भीती वाटली नाही, संताप आला. मागच्या बाकावर दडून बसलेल्या मुलीला दटावावे, त्या आवाजात मी म्हणाले, "उतरा. आता मी चालवणार आहे."

रेक्झिन सावकाश वर आले. गाडी समतल झाली आणि सहावा बोल्ट पुन्हा तिरका झाला.

ठरले ते असे: सहावा बोल्ट बसवायचाच नाही, त्याचे भोक मोकळे ठेवायचे, आणि रविवारी गाडी मीच न्यायची. एका बोल्टावाचून मडगार्ड पडत नाही, थोडा खडखडेल, असे सांगून किशनरावांनी माझ्याकडे न पाहता मान्य केले. विशाखाने फोनवर विचारले, एकटीच येणार का? मी हो म्हणाले; तिनेही मान्य केले.

मी चालकाच्या जागी बसून आरसा माझ्या उंचीला जुळवला. डावीकडचे दार उघडे राहिले होते. ते आतून ओढून घेतल्यासारखे हळूच लागले.