बिट्टीची वीस चित्रं

बिट्टीला बोलता येत नव्हतं, मान धरता येत नव्हती, हातात चमचा राहत नव्हता. डोळे मात्र फार कामाचे होते. आईने पुठ्ठ्यावर चोवीस चित्रं चिकटवून तिला एक तक्ता करून दिला होता. त्यात पाणी होतं, खाज होती, बाबा होते, ‘पुरे’ होतं, ‘पुन्हा’ होतं. बिट्टी ज्या चित्राकडे बघेल ते तिला म्हणायचं असे.

नजरेवर चालणारं आणि मोठ्याने बोलून दाखवणारं यंत्रही असतं. मोठ्या हॉस्पिटलात परीक्षा होते, वीसपैकी पंधरा चित्रं ओळखली की ते मिळतं. मूल आठ वर्षांच्या आतलं हवं. साथीमुळे बिट्टीची तारीख दोनदा रद्द झाली. तिसऱ्या वेळी दारात नाकातली तपासणी करताना तिने अंग असं ताठ केलं की तिच्या चाकाच्या खुर्चीचा पट्टाच तुटला, आणि त्यांना तिथूनच परत पाठवलं. चौथी तारीख मिळाली तेव्हा आठवा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता.

या वेळी आईने घरीच शिकवणी लावली. बाबा शाळेची व्हॅन चालवायचे. शाळा बंद, त्यामुळे माणूसही रिकामा आणि व्हॅनही. रोज संध्याकाळी ते पांढरा रेनकोट घालून, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून, कान कोरायची काडी घेऊन दारातून आत यायचे.

“अहो, काय हा अवतार,” आई शिवणयंत्रावरून म्हणायची. “पिठाच्या डब्यात पडलेलं झुरळ बरं.”

“झुरळ तर झुरळ. मॅडम, नाक पुढे करा.”

बिट्टी खदखदून हसायची. मग आई नियम सांगायची. पांढरा माणूस आला की डोळे घट्ट मिटायचे, म्हणजे काडी दिसत नाही आणि भीती वाटत नाही. आई ‘झालं’ म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. पहिल्या दिवशी बिट्टी तीन आकडे मोजेपर्यंत टिकली. मग दहा. आठवड्याभरात शंभर. मुलाला एखादी गोष्ट एकदा पटली की ते ती मोठ्यांपेक्षा नेटाने पाळतं.

त्या सकाळी दारात काडीवाला पुढे आला, बिट्टीने डोळे मिटले आणि पापणीही हलू दिली नाही.

“अशी गुणी पोर आज पहिलीच,” तो म्हणाला.

“झालं,” आई म्हणाली. बिट्टीने डोळे उघडले. आईला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

आत एकाच पालकाला सोडत होते. बाबा व्हॅनमध्ये बसले. परीक्षेच्या खोलीत फरशीवर लाल पट्टी चिकटवली होती, तिच्यामागे आईची खुर्ची. वर्षापूर्वी नाव नोंदवताना भेटलेल्या परीक्षकबाई तेव्हा साध्या कपड्यांत होत्या, गळ्यात चष्मा लोंबत होता. आज त्या वरच्या मजल्यावरच्या साथीच्या रुग्णांकडून आल्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या.

“तुम्ही मधे बोललात तर परीक्षा बाद,” त्या आईला म्हणाल्या. “कितीही वाटलं तरी बोलायचं नाही. सुरू करते.”

आणि त्या वळून बिट्टीसमोर बसल्या.

बिट्टीने डोळे मिटले.

आईला क्षणात सगळं कळलं. तोंड उघडलं तर परीक्षा बाद, नाही उघडलं तर पोर बाद.

“बाळ, यातलं फळ कोणतं?” बाईंनी दोन चित्रं धरली, वाट पाहिली, कागदावर फुली मारली. “पक्षी कोणता? बघ बरं.” फुली. बिट्टीचं सगळं अंग शांत होतं, कपाळावर तेवढी आठी. ती मनात आकडे मोजत असणार. आईने ओठ दाताखाली धरला. शंभर झाले की उघडेल, ती स्वतःला समजावत होती. शंभर होऊन गेले. बिट्टी थांबली नाही. इतकं लांब ती घरी कधीच टिकली नव्हती.

सहावी फुली पडली. आता उरली चौदा, हवी होती पंधरा. बोलून-न बोलून सारखंच झालं, तेव्हा आई बोलली.

“झालं, बिट्टी.”

बिट्टीने डोळे उघडले आणि शाबासकीसाठी मान वळवायची धडपड केली.

“मी आधीच सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या.

“पांढरे कपडे दिसले की डोळे मिटायचे, हे मीच शिकवलंय तिला. काडीसाठी. पाच मिनिटं हा सूट काढाल का?”

“अंगावर काय घेऊन आलेय ते मलाच माहीत नाही. तुमच्या पोरीसमोर कसा काढू?”

“मग उरलेली चित्रं तरी दाखवा.”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चित्रं उचलली. झाड, किल्ली, रडणारा माणूस, दोनांतला मोठा, तिघांतला वेगळा. बिट्टीची नजर प्रश्न संपायच्या आत जाऊन बसत होती. चौदापैकी चौदा.

“हुशार आहे हो,” बाई म्हणाल्या.

“मग तसं लिहा ना.”

“शेऱ्यात लिहिते. पण मंजुरी देणारे आकडाच बघतात.”

बाहेर बाबांनी व्हॅनचं मागचं दार उघडून धरलं. “काय म्हणाल्या बाई?”

“हुशार आहे म्हणाल्या.”

“अगं, मग मिळालंच की.”

“नाही मिळालं. मी शिकवलेलं तिने नीट केलं, म्हणून नाही मिळालं.”

बाबांना काही उमगेना. “पुढची तारीख?”

“ती आठची झाल्यावर कुणासाठी मागता?”

त्यांनी खुर्चीसकट बिट्टीला आत चढवलं, पट्टे आवळले. ती खुशीत होती. असं पटापट विचारणारं माणूस तिला कित्येक महिन्यांत भेटलं नव्हतं. आईने सवयीने तक्ता तिच्यासमोर धरला. बिट्टीची नजर सरळ ‘पुन्हा’वर गेली आणि तिथेच थांबली.

“पुन्हा नाही,” आई म्हणाली.

बिट्टीने नजर वर बाबांकडे नेली, मग परत आणली. पुन्हा.

“सांगितलं ना, नाही. एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?”

तिला कळत होतं. ती पुन्हा ‘पुन्हा’कडे बघत राहिली.

आईने तक्ता मधोमध मिटला आणि पुढच्या सीटखाली सरकवला. बाबांनी गाडी सुरू केली. घर येईपर्यंत बिट्टी, जिथे तक्ता असायचा, त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.