दुकानातला पोकळ कॅमेरा

मी कॅमेरा बोलतोय, असं म्हणताना माझी जीभ जरा चाचरते. बाहेरून बघाल तर मी काळाभोर, रुबाबदार. बटणं आहेत, चकत्या आहेत, कपाळावर कंपनीचं नाव आहे. पण आतून पोकळ! वजन खरं वाटावं म्हणून पोटात लोखंडाची पट्टी बसवली आहे, तेवढीच माझी आतडी.

ज्या कारखान्यात माझी भावंडं जन्मली तिथेच मीही जन्मलो. त्यांना डोळा मिळाला, मेंदू मिळाला. माझी पाळी आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "याला काही घालू नका, हा दाखवायचा आहे." झालं! भावंडं मोजकीच जन्मतात आणि जन्मायच्या आधीच त्यांचं बुकिंग होतं. मी मात्र लगेच दुकानात आलो. रिकाम्याला कोण अडवणार?

दुकानाचे मालक स्वतःचा चष्मा सदऱ्याला पुसतात, पण मला मऊ पिवळं फडकं. काचेच्या कपाटात माझ्या डोक्यावर दिवाही लावला आहे. गिऱ्हाईक आलं की मला त्याच्या हातात देतात. ते मला डोळ्याला लावतं. आत काळाकुट्ट अंधार, तरी म्हणतं, "वा! काय सुंदर दिसतंय!" माणसांचं मला नवल वाटतं. मग ठरलेला प्रश्न येतो, "मिळेल कधी?"

"बुकिंगचे पैसे भरा, यादीत नाव घालतो. आलाच समजा."

'आलाच समजा' हे मालकांचं ठेवणीतलं वाक्य. कधी सांगतात बोटीवर चढलाय, कधी सांगतात बंदरात अडकलाय. मला तर घोर लागायचा. एवढ्या समुद्रात माझं भावंड एकटं, खोक्यात गुदमरत तर नसेल? ओल तर लागली नसेल? गिऱ्हाइकांना मात्र त्याची नाही, आपल्या नंबरची काळजी. एकदा दोन भाऊ भांडत आले. घर वाटून झालं, भांडी वाटून झाली, पण यादीतला नंबर कोणाचा यावर गाडं अडलं होतं. मालक म्हणाले, "दोघांचा धरतो." दोघे खूश होऊन गेले. कॅमेरा कोणाकडेच नव्हता!

या रांगेत एक लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर होता. त्याने बुकिंगसाठी आपला जुना कॅमेरा विकला आणि उसन्या कॅमेऱ्यावर कामं करू लागला. तेवढ्यात त्याच्या घरी मुलगी झाली. दुकानात येऊन तो छाती फुगवून म्हणाला, "मालक, माझ्या लेकीचा पहिला फोटो या कॅमेऱ्यातच निघणार. उसन्यात नाही, मोबाईलवर तर नाहीच नाही!"

मालक म्हणाले, "आलाच समजा."

मुलगी पालथी पडली. मुलगी बसायला लागली. बोट काही येईना.

शेवटी एके दिवशी त्याची बायकोच पोरीला कडेवर घेऊन दुकानात आली. मागून तो, खालमानेने.

"भाऊ, कॅमेरा आला का हो?"

"आलाच समजा, ताई."

"समजून समजून पोर बसायला लागली! हे लोकांच्या लग्नात जेवणाऱ्यांचेसुद्धा फोटो काढतात, आणि घरच्या लेकीचा एक नाही. हिच्या हिरड्या शिवशिवतायत. एकदा दात आला की हे बोळकं पुन्हा दिसायचं नाही. मला रात्रंदिवस तोच घोर."

"अगं, थोडी कळ काढ. पहिला फोटो चांगला नको का?"

"तुमचा कॅमेरा येईपर्यंत हिचे दुधाचे दात पडतील. तेव्हा काढा बोळक्याचा!"

मालकांना हसू आलं. ते लपवायला त्यांनी मला कपाटातून काढलं आणि फोटोग्राफरच्या हातात दिलं. त्याने मला डोळ्याला लावायच्या आत पोरीनेच झडप घातली. दोन्ही हातांनी मला उलटं धरलं आणि माझा कोपरा थेट तोंडात!

"अहो, आत्ताच पुसलाय हो!" मालक ओरडले.

पोर चावली. टक्क!

मला कळलं, ही हिरडी नव्हे. आईलाही कळलं. तिने पोरीच्या तोंडात बोट घातलं. खाली एक पांढरं टोक होतं, तांदळाच्या कणीएवढं.

"आला," ती म्हणाली. "गेलं माझं बोळकं." आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी.

फोटोग्राफर वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "तुझा मोबाईल दे."

"त्याची काच फुटलीये."

"दे गं! उद्या दुसरा दात येईल."

मालक मला सोडवायला पुढे आले. "मालक, हात काढा, मध्ये येतोय," तो खेकसला. पोरीला हे सगळंच मजेचं वाटलं असावं. मला न सोडता ती खदखदून हसली, आणि त्याने फोटो काढला. नवरदेवांना 'हनुवटी वर, खांदे सैल' शिकवणारा माणूस, पण स्वतःचं बोट फोटोत आलेलं त्याला कळलं नाही.

"पुन्हा काढतो, बोट आलंय."

"पुन्हा काढा," ती डोळे पुसत म्हणाली, "पण हा फोटो पुसायचा नाही. बोट बापाचंच आहे."

मालकांनी चाचरत विचारलं, "मग बुकिंग रद्द करू?"

"असू द्या," फोटोग्राफर म्हणाला, "धंद्याला लागेल. पण घरात त्याची वाट बघणं आजपासून बंद."

मी अजून कपाटातच आहे. लाळ पुसली, दिवा पुन्हा डोक्यावर आला. गिऱ्हाइकं येतात, माझ्यातला अंधार बघून वा वा करतात. रांग लावायची तर खुशाल लावा, बाबांनो. पण घरचं लेकरू हसलं तर त्याला थांब म्हणू नका, हाताला येईल त्याने फोटो काढा. लेकराला यादी कळत नाही.

माझं म्हणाल तर जन्मात मी एकही फोटो काढला नाही, काढणारही नाही. पण एका घरातल्या पहिल्या फोटोत मी आहे. उलटा आहे, लाळेने चिंब आहे. पण आहे.