बाण असलेला फोल्डर

छापखान्यात पानं लावणाऱ्या त्या माणसाला एकच खोड होती. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स असायचं, आणि त्याचा एक प्रकार रुळला, की तो उपटायचा आणि दुसरा घालायचा. मेहुणा म्हणायचा, भावजी, तुमच्यापेक्षा विंचू बरा, त्याचं बिऱ्हाड निदान पाठीवर असतं. हा म्हणायचा, माझंही पाठीवरच आहे. आपला सगळा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायचा, नवं लिनक्स घालायचं, फोल्डर परत आणायचा. इतक्या वर्षांत साधा फोटो हरवला नव्हता. त्याचीच मस्ती चढली होती.

त्या फोल्डरात बायकोचा आवाज होता. कॅन्सरमुळे तिचं स्वरयंत्र काढावं लागणार हे कळलं, तेव्हा त्याने तिला माईकपुढे बसवलं होतं. ती तोंडाला येईल ते बोलली. लेकीची अंगाई, नणंदेची नक्कल, नवऱ्याच्या घोरण्यावर यथेच्छ तोंडसुख. ऑपरेशननंतर ती रोज दुपारी हेडफोन लावून स्वतःलाच ऐकत बसायची.

या वेळी बाहेरच्या डिस्कवरची जुनी कॉपी पुसून नवी उतरवली, ती चुटकीसरशी झाली. शंका यायला हवी होती. हा गाढव खूश झाला. आतल्या दोन्ही डिस्क पुसून नवं लिनक्स घातलं, वर सुरक्षिततेसाठी सगळं एन्क्रिप्टही केलं, म्हणजे दोन्ही डिस्कभर सांकेतिक अक्षरं गिरवून टाकली.

मग परत आणलेला फोल्डर उघडला. रेकॉर्डिंगच्या फोल्डरावर बारीकसा बाण होता आणि आत काहीच नव्हतं. मागच्या खेपेनंतर कधीतरी जागा पुरेना, म्हणून यानेच रेकॉर्डिंगं आतल्या दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर हलवली होती आणि इथे नुसती लिंक, म्हणजे तिकडचा रस्ता दाखवणारी पाटी, ठेवली होती. तो ते साफ विसरला होता. कॉपी झाली ती पाटीची. दुकान त्याने स्वतःच्या हाताने जाळलं होतं.

पुसलेलं परत आणणारे सगळे प्रोग्रॅम चालवून झाले. हाती कचरा लागला.

दुपारी ती आली, हेडफोन कानाला लावून बसली आणि त्याच्याकडे बघू लागली.

"गेलं," तो म्हणाला. "सगळं गेलं. मी घालवलं."

तिने हेडफोन काढले. तिचा चेहरा तापला, ओठ भराभर हलले. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा फुसफुसली.

"मार मला," तो म्हणाला.

तिने मारलं नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तो तिचं एकेक वाक्य आठवू लागला. शब्द सगळे आठवत होते, पण ऐकू येत होते ते त्याच्याच आवाजात.