माझ्या डोळ्यावरचं कुंकू

अरे मित्रांनो, नुसतं ऐका हं, मध्ये कुणी बोलायचं नाही, नाहीतर मी विसरेन! मी बेलापूरजवळच्या एका वाडीवरच्या रेशन दुकानातलं जुनं अंगठ्याचं मशीन आहे. मला एकच डोळा, काचेचा. त्यावर माणसानं अंगठा ठेवला की मी त्याला ओळखतो, मग दुकानदार कानिफनाथ गहू-तांदूळ मापतो. मला बोलताही येतं, पण तीनच वाक्यं. ‘अंगठा ठेवा’, ‘धन्यवाद’, आणि ते तिसरं, ‘जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा’. त्या तिसऱ्यापायी किती शिव्या खाल्ल्यात मी! रेंज जाते टॉवरची आणि बोलणी बसतात मला. पण धान्य मिळालं की हीच माणसं मला हात जोडतात बरं का.

तर त्या दिवशी लक्ष्मीपूजन, आणि महिन्याचाही शेवटचा दिवस. आज अंगठा जुळला नाही तर त्या महिन्याचं धान्य गेलंच समजा. कानिफनाथनं दुपारीच पूजा उरकली, काट्याला हळदकुंकू लावलं, आणि मलाही लावलं! आयुष्यात पहिल्यांदा! पण लावलं कुठं, तर थेट डोळ्यावर. मला धड दिसेना, तरी इतका खूश झालो मी, काय सांगू!

एवढ्यात छबूबाई आली. दोन नातवंडांना एकटीच सांभाळते. आधीच्या दोन खेपा रेंज नाही म्हणून वाया गेल्या, दोन दिवसांची मजुरीही बुडाली. आज शेतात कांदा काटून, म्हणजे त्याची पात-मुळं कापून, तशीच धावत आली होती.

अंगठा ठेवला. जुळत नाही. दुसरा. जुळत नाही. दहाही बोटं झाली!

“मावशी, अंगठ्याच्या रेषा कांद्यानं खाल्ल्या तुमच्या,” कानिफनाथ म्हणाला.

“आमी कांदा खायचा आन कांद्यानं आमाला, व्हय रं?” छबूबाई हसली.

मागं रांगेत उभी असलेली शाळकरी पोरगी नॅन्सी ओरडली, “मामा, आजी कडेलाच बोट टेकवतीय! कुंकू मोडू नये म्हणून!”

कानिफनाथनं फडकं उचललं. छबूबाईनं त्याचा हातच धरला. “आरं थांब! लक्षुमीच्या दिशी कुंकू पुसतूस?”

“मग धान्य?”

“मी पुसते, आजी. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात नसतंच कुंकू,” नॅन्सी म्हणाली.

“नगं गं पोरी.” छबूबाईनं एकदा रिकाम्या पिशवीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाली, “पुसायचं न्हाई. वर सरकवायचं.” तिनं अंगठ्यानं सगळं कुंकू वर ओढलं, राहिलेलं पदरानं टिपून तेही वरच लावलं. “हां, आता कपाळाला लागलं. डोळ्यात कोन लावतं व्हय रं, येड्या?”

मग अंगठा पुसून काचेवर ठेवला. आणि मी जोरात म्हणालो, ‘धन्यवाद!’

“आरं बाबा, त्ये तर मी म्हनायचं!” छबूबाई म्हणाली, आणि सगळं दुकान हसलं.

मित्रांनो, माझा डोळा तेवढा स्वच्छ ठेवत जा, एवढंच मागणं. आणि खरं सांगू? ‘कुंकू काढा’ असं चौथं वाक्य मला येत असतं, तरी मी ते लगेच बोललो असतो का, कोण जाणे. पहिल्यांदाच पूजलं होतं ना मला कुणी! तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?