मथुराबाईंची नांगी

“सर, दार उघडा ओ! कुर्ल्यो हाडलंय, जित्यो आसत!” हौसाबाई खेकड्यांची टोपली घेऊन अंगणातून ओरडत होती. हरिश्चंद्र मास्तरांना ऐकू आलं, पण उठवेना. भिंगाखाली समोरच्या बेटावरचा दगड होता आणि सुईने उकरता उकरता त्यातून नखाएवढा खेकडा निघाला होता. दगड झालेला, पण अख्खा, दोन्ही नांग्यांसकट! इतकी वर्षं नुसत्या सुट्या नांग्या मिळत आलेल्या. माणसाने खरं तर नाचायला हवं. मास्तरांनी मात्र भिंग पुन्हा डाव्या नांगीवर आणलं.

उजवी नांगी जाडजूड, ओळखीची. डावी बारीक, करवतीसारख्या दात्यांची. अशीच एक बारीक नांगी मथुराबाईंना, त्यांच्या बायकोला, त्या बेटावर सापडली होती. त्या गेल्यावर मास्तरांनी ती नवी जात ठरवली, तिला त्यांचं नाव दिलं. शहरातल्या संग्रहालयाच्या सूचीत ते छापून यायचं होतं. आणि ही तर आधीच नाव असलेल्या जुन्याच जातीची डावी नांगी! जन्मभर कुर्ल्या खाल्ल्या, दोन नांग्यांतला एक डेंगा मोठा नि एक लहान हे पाहत आलो, आणि ऐन वेळी माती खाल्ली.

दगड तो केवढासा. विहिरीत टाकला असता तर कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात फोन वाजला. संग्रहालयातली अक्षया. “सर, सूची आज छापायला जातेय. मथुराबाईंचं नाव नक्की ना?”

मास्तरांनी दगड मुठीत घट्ट धरला.

“काढून टाक ते. तशी जातच नाही. चुकलो मी.”

“सर, दुसऱ्या एखाद्या जातीला देऊया की...”

“आता कुठली दुसरी, बाय? डोळे चाललेत माझे.”

फोन ठेवला आणि त्यांना रडू आवरेना. हौसाबाई मागच्या दाराने आत आली.

“अगो बाई! काय झाला, सर?”

“मथुरा गेली.”

“अवो, ती जावन चार वर्सां झाली मां!”

“आज परत गेली.”

हौसाबाईने चुलीपाशी बसून कुर्ल्या साफ केल्या, सार उकळत ठेवलं आणि निघून गेली.

मास्तरांनी डबीतली मथुराबाईंची नांगी काढून त्या खेकड्याशेजारी ठेवली, चिठ्ठीवर त्याचं जुनं नाव लिहिलं. मग ताट वाढून घेतलं. मोठा डेंगा फोडला आणि सवयीने समोरच्या रिकाम्या पाटापुढे ठेवला. लहान डेंगा स्वतः चोखत बसले.