डावीकडची सीट

नांदूरघाटच्या चौकात आदिनाथच्या स्मारकाचं उद्घाटन झालं, त्या दिवशी बंकट अण्णांनी वीस फुटी फ्लेक्स लावला होता. अण्णा गावचे पुढारी आणि त्यांना फ्लेक्सची हौस दांडगी. एका बाजूला हात जोडलेले अण्णा, दुसऱ्या बाजूला फौजी टोपीतला आदिनाथ, आणि मधोमध रॉकेटं लटकवलेलं, आग ओकणारं एक अक्राळविक्राळ हेलिकॉप्टर. छापणाऱ्याने मोबाईलवर जे सगळ्यात भयंकर दिसलं ते उचललेलं असणार. ते पाहून राधाकिशनचं डोकं फिरलं. पोराचं स्मारक, आणि त्यावर भलतंच यंत्र! बावीस वर्षं त्याने फौजेत हेलिकॉप्टरांचे नटबोल्ट आवळले होते. त्याचा आदिनाथ ज्यात गेला ते साधं चीता होतं. पहाडावर रसद पोचवायचं, आजारी जवानाला खाली आणायचं. त्याला एक बंदूकसुद्धा नव्हती.

"ह्येच का वं त्ये?" शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, सत्यभामेने विचारलं.

"न्हाई."

"मंग कसं व्हतं?"

त्याने घरी आल्यावर कागदावर काढून दाखवायचा प्रयत्न केला. चित्र पाहून सत्यभामा म्हणाली, ह्यो तर नाकतोडा हाय. आदिनाथला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. आपलं लेकरू कशात बसून गेलं, हेही त्या बाईने पाहिलेलं नव्हतं. राधाकिशनला स्वतःचीच शरम वाटली, आणि त्याने मॉडेल बनवायचं ठरवलं.

शेजारच्या वत्सलाबाईंचा अभिमन्यू दिवाळीच्या सुट्टीवर आला होता. तोही आदिनाथसारखा हेलिकॉप्टरांचा फिटर. राधाकिशननेच त्याला मागे लागून भरतीला पाठवलं होतं. त्याने मोबाईलवर पुण्याचं दुकान शोधलं आणि फोन लावून दिला. दुकानदार भलताच गोडबोल्या. "काका, ही गनशिप घ्या. नवीन किट आहे, तीनशे पार्ट, एकात एक फिट्ट बसतात. शोकेसला एक नंबर दिसतं."

"मला शोकेस न्हाई भरायची. चीता हाय का?"

होतं. एक तळहातावर मावेल असं, आणि एक खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. फ्रान्सचं, कित्येक वर्षं पडून राहिलेलं, खोका चेपलेला. अभिमन्यू मोबाईलवर वाचत म्हणाला, "नाना, लोकांनी लई नावं ठिवलीत ह्याला. साचा जुना हाय. काच जाड, अन् शेपटी तर पार दांडक्यावानी."

"दांडकं तासता येतं. गनशिप किती बी तासली तरी चीता व्हईल का?"

"अन् मोठंच कावून? लहान सोपं जाईल की."

"लहानात आत दिसत न्हाई," राधाकिशन म्हणाला. "तुझ्या काकूला आत बघायचंय."

किट आलं तेव्हा अभिमन्यू पहाडात परतला होता. राधाकिशनने ओसरीवर खिडकीच्या उजेडात टेबल मांडलं आणि कामाला लागला. लोकांनी ठेवलेली नावं खोटी नव्हती. प्रत्येक भागाच्या कडेला सांडलेलं प्लॅस्टिक चिकटलेलं. ते त्याने पात्याने खरवडलं, पॉलिश पेपरने घासलं. चीत्याची शेपटी म्हणजे नुसता नळ्यांचा उघडा सांगाडा. किटमधली होती उसाच्या कांड्याएवढी जाड. ती त्याने सरळ फेकून दिली. जळालेल्या मोटारीच्या वायंडिंगमधून तांब्याची तार सोडवली, एकेक तुकडा कापून सोल्डरचा डाख देऊन जोडला, आणि आठ दिवसांत नवी शेपटी उभी केली. पुढचा काचेचा फुगा दाताच्या पेस्टने दोन दिवस घासला, तेव्हा कुठे आरपार दिसायला लागलं. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून सीटचे पट्टे केले. वरची तिन्ही पाती गरम पाण्यात धरून टोकांकडे जराशी झुकवली, कारण उभ्या हेलिकॉप्टरची पाती आपल्याच वजनाने खाली येतात. किटवाल्यांनी ती फळीसारखी ताठ दिली होती. हे लोक कधी तळावर गेले नसावेत, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

सत्यभामा शेजारी टकळीवर लोकर कातत बसायची. तिचं माहेर मेंढरंवाल्यांचं, हात रिकामे ठेवायची सवयच नव्हती.

"त्यो कुठं बसायचा?"

"ही डावीकडची सीट. उजवीकडं पायलट."

"पाय कुठं ठिवायचा?"

राधाकिशनच्या हातातला चिमटा थांबला. "हितं. खाली."

तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याला श्रावणापासून ठाऊक होतं. श्रावणात तो आपल्या जुन्या साहेबांना भेटायला नाशिकला गेला होता. साहेबांनी दार लोटलं आणि चौकशीत काय निघालं ते तोंडी सांगितलं. हेलिकॉप्टरच्या शेपटीवर छोटा पंखा असतो. पायातली पेडलं दाबली की त्याची पाती वळतात आणि हेलिकॉप्टरचं तोंड सरळ राहतं. दोन्ही सीटांपुढची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात, एक अडकलं की दुसरंही अडकतं. डावीकडच्या सीटपुढे, पेडलाच्या खोबणीत, एक नाणं रुतून बसलेलं सापडलं. सोबत पिवळे डाग पडलेली चिंधी आणि काळ्या लोकरीचा जळका दोरा. पेडल हललंच नसणार. हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरलं आणि कड्यावर आपटलं. आदिनाथ गेला, सव्वीस वर्षांचा पायलट गेला. "हे नाणं आणि लोकर कुठून आली, काही कल्पना?" साहेबांनी विचारलं होतं.

"न्हाई साहेब," राधाकिशन म्हणाला होता.

पोरगा पहिल्यांदा मेंढरांमागे रानात निघाला की त्याची आई पुरचुंडी बांधते, अशी सत्यभामेच्या माहेरची रीत. चिंधीत बिरोबाचा भंडारा आणि एक नाणं, वर कळपाच्या म्होरक्या मेंढ्याच्या काळ्या लोकरीचा दोरा. आदिनाथ मेंढरांमागे गेला नाही, फौजेत गेला. म्हणून ती त्याला दर सुट्टीला नवी बांधून द्यायची. "बसशील तिथं समोर टांग," असं सांगायची. शेवटच्या सुट्टीत तिने ती दिली तेव्हा राधाकिशन उंबऱ्यापाशीच उभा होता. हेलिकॉप्टरमध्ये सुटी वस्तू नेत नाहीत. पेनाचं टोपण नाही, सुपारी नाही. काम संपलं की पाने-पेचकस मोजायचे, आणि एक जरी कमी भरला तर तो सापडेपर्यंत यंत्र हलू द्यायचं नाही. बावीस वर्षं त्याने हा नियम पोरासोरांना शिव्या देऊन शिकवला होता. त्या दिवशी मात्र तो गप्प बसला. खरं सांगायचं तर, पोराच्या डोळ्यांसमोर बिरोबा आहे म्हटल्यावर त्यालाही बरं वाटलं होतं.

तिला हे कधीच कळू द्यायचं नाही, असं त्याने नाशिकहून येताना एसटीतच ठरवलं होतं. कळलं तर ती जगायची नाही, याची त्याला खात्री होती.

पौष संपता संपता मॉडेल पुरं झालं. फौजी हिरवा रंग, काचेआड दोन सीटा, चिमुकली पेडलं. सत्यभामा बराच वेळ डोळे बारीक करून आत बघत राहिली. मग म्हणाली, "समदं केलं. माझी पुरचुंडी कुठाय?"

"एवढं बारीक व्हत न्हाई."

"पट्टे झाले, अन् पुरचुंडी व्हत न्हाई? म्या देते करून. तुमी निस्ती टांगा."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच केली. ज्वारीच्या दाण्याएवढी चिंधीची गाठ, त्याला लोकरीचा एकच धागा. ती टेबलावर ठेवून ती आत गेली. राधाकिशन त्या गाठीला हात लावायला धजेना. चार दिवस ती तशीच पडून होती.

पाचव्या दिवशी दुपारी वत्सलाबाई आल्या. मुलाचा फोन आला होता, म्हणून खुशीत होत्या. "सत्यभामा, आणिक एक पुरचुंडी पाहिजे बाई. दिवाळीत तू अभिमन्यूला दिलीस ना, ती त्यानं हेलिकॉप्टरातच बांधलीय. त्याच्या पायलट साहेबाला लई आवडली. त्यो बी मागतोय."

"त्यात काय," म्हणत सत्यभामेने चिंधीचा तुकडा फाडलासुद्धा.

दिवाळीत! राधाकिशन घरातच होता आणि त्याला पत्ता नव्हता. काहीतरी थाप मारावी, नुसता फोन करून पोराला ती काढायला लावावी, असं क्षणभर मनात आलं. पण ती दुसरी बांधत होती, मग तिसरी बांधली असती. तो उठला. टेबलावरची ती ज्वारीएवढी गाठ त्याने चिमट्यात धरली, मॉडेलचं दार उघडलं आणि डावीकडच्या पेडलामागे सोडली.

"हिकडं बघा दोघी बी," तो म्हणाला. आणि त्याने सांगितलं. नाणं, चिंधी, दोरा, सगळं. बोलताना त्याचा आवाज एकदाही चढला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

सत्यभामेच्या हातातली चिंधी तशीच राहिली. वत्सलाबाईंनी मात्र कपाळ बडवून घेतलं. "तुमीच धाडलं माझ्या लेकराला तिथं! फोन लावा, आधी फोन लावा!"

फोन अभिमन्यूच्या सोबत्याने उचलला. अभिमन्यू वर गेलाय, म्हणाला, वरच्या चौकीवर औषधं टाकायला. तासा-दीड तासात येईल. आवाज तुटत होता. राधाकिशन ओरडून सांगत होता, पण पलीकडे किती पोचलं कोण जाणे. मग लाईनच गेली.

तिघं ओसरीवर बसून राहिली. कुणी पाणीही मागितलं नाही. वत्सलाबाई मोबाईल दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. राधाकिशन मनातल्या मनात उड्डाण मोजत होता: आता चौकी आली असेल, आता वळत असतील, आता पायलटने पेडल दाबलं असेल. उन्हं पार अंगणाबाहेर गेली तेव्हा फोन वाजला.

"काढली नाना," अभिमन्यू म्हणाला. "दोरा निम्मा झिजला व्हता. निस्ता हात लावला तर हातात आली."

वत्सलाबाई उठल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या. त्या पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत, हे राधाकिशनला कळून चुकलं.

सत्यभामा मॉडेलजवळ गेली. वाकून पेडलाकडे बघत राहिली.

"कधीपासून म्हाईत हाय तुमाला?"

"श्रावणापासून."

"म्हंजी दिवाळीत म्या ती बांधली, तवा तुमाला ठाव व्हतं."

"तू दिलीस ह्ये मला ठाव नव्हतं. तुला कळू ने म्हणून गप ऱ्हायलो. तुला सोसलं नसतं."

"श्रावणाचं सोडा." ती सरळ उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते, आणि राधाकिशनला त्याचीच भीती वाटली. "म्या अडाणी, मेंढरामागची. त्यात काय न्यावं अन् काय न्हाई, मला काय कळावं? तुमी फिटर व्हता. आदिनाथच्या हातात म्या पुरचुंडी दिली, तवा तुमी उंबऱ्यात उभे व्हता. नको नेऊ म्हणायला तुमाला काय झालतं?"



"तुला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला.

"वाटलं असतं," सत्यभामा म्हणाली. "दोन दिवस वाटलं असतं."