तिसऱ्या चौकीचा काटा

नागपूरहून तपासणीला आलेल्या अच्युतने टेकडीवरच्या चौकीतलं सामान मोजून वहीत उतरवलं. एक तिपाई, तिच्यावर अंशांच्या खाचा कोरलेली गोल फळी, फळीवर फिरणारा लोखंडी काटा, एक टेलिफोन, एक घड्याळ आणि दोन माणसं. माणसांपैकी चंद्रभान लढाईत विमानविरोधी तोफेवर होता. रुख्माबाई त्याची बायको, घड्याळ बघायला.

हिंगणघाटच्या आसपास अशा तीन चौक्या होत्या. सरावाचं विमान आलं की ठरलेल्या मिनिटाला तिघांनी काटा त्याच्यावर रोखायचा आणि अंश नागपूरला कळवायचे. तिन्ही रेघा नकाशावर एका ठिकाणी मिळाल्या, तर आभाळात शिरलेलं शत्रूचं विमान नेमकं कुठे आहे ते तोफांना वेळेत कळणार. पाच दिवस तिसरी रेघ भलतीकडेच जात होती. दहा अंशांहून जास्त चुकणारा माणूस संध्याकाळपर्यंत बदला, असं नागपूरहून मधुकरराव साहेबांनी बजावलं होतं.

अच्युतने होकायंत्र लावून फळीची उत्तर दिशा तपासली. फरक नव्हता.

"फळी सरळ आहे, चंद्रभानजी."

"मंग तुमचं होकायंत्र वाकडं असन, बापू. नागपूरचं पाणी बाधलं असन त्याले."

"यायले काढता काय?" रुख्माबाईंनी सरळच विचारलं. "पलटणीचा कोट पुन्हा अंगात घातला, तवापासून दोन घास धड जेवून राह्यले."

"तू गप बस वो. घड्याळ पाह्य."

अच्युतने वहीतले पाच दिवसांचे आकडे वैमानिकाच्या नोंदीशेजारी ठेवून पाहिले. विमान पूर्वेला जाताना काटा बारा अंश पश्चिमेला. पश्चिमेला जाताना बारा अंश पूर्वेला. फळी वाकडी असती, तर चूक एकाच बाजूला झाली असती. हा काटा प्रत्येक वेळी विमानाच्या मागे राहत होता, आणि दर वेळी तेवढाच.

चार वाजून दहा मिनिटांनी घरघर ऐकू आली. विमान चौकीच्या बरोबर समोर आलं.

"आता!" रुख्माबाई म्हणाल्या.

चंद्रभानने मान कलती केली, डावा कान वर धरला आणि काटा थांबवला. विमान काट्याच्या बरंच पुढे दिसत होतं. चंद्रभानची नजर मात्र समोरच्या पळसावर होती.

त्याने बोटाने खाचा मोजून टेलिफोनवर अंश सांगेपर्यंत अच्युत थांबला.

"कधीपासून?"

चंद्रभानने काट्यावरचा हात काढला नाही.

"दोन सालं झाली. मोतीबिंदू. उजेड समजते, अन् सावली. कोणी इचारलं नाई, मी सांगलं नाई." मग जरा ताठ बसून म्हणाला, "पण कान चुकत नाई, बापू. इमान जिथं वाजते, तिथंच काटा ठेवतो मी."

"वाजतं तिथं ते नसतं. आवाज इथे पोचेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं."

चंद्रभानने काटा किंचित पुढे सरकवला.

"किती पुढं?"

अच्युत दगडावर बसला. विमानाचा वेग ताशी एकशे पासष्ट मैल, आवाजाचा सातशे सत्तर. त्याने कोन काढला, चंद्रभानच्या सगळ्या नोंदी विमानाच्या दिशेने बारा अंश पुढे सरकवल्या आणि तिन्ही चौक्यांचे आकडे वैमानिकाच्या नोंदीशी ताडून पाहिले. मग मधुकररावांसाठी कागद घेतला.

'चौकी तीन : निरीक्षण डोळ्याने नव्हे, कानाने. विमानाच्या वेगाप्रमाणे दुरुस्ती करावी. दुरुस्तीनंतर सरासरी चूक : चौकी एक, चार अंश. चौकी दोन, पाच अंश. चौकी तीन, एक अंश.'